सोमवारचा फेस

तळ्याचं नाव या लेखात येणार नाही. हैदराबादच्या वाचकांना वाटेल, ही पोरगी घाबरली. घाबरले नाही. त्या तळ्याच्या फायलीवर काम करणाऱ्या एका माणसाला मी शब्द दिलाय, आणि शब्द पाळायला मी जरा उशिरा शिकले आहे. रावगारूंचं नाव बदललंय. यल्लम्माचं नाव खरं आहे. तिला विचारून लिहिलंय.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘पर्यावरणाच्या चळवळीतले अनुभव’ लिहायला सांगितलं, तेव्हा आमचे बाबा म्हणाले, “असले लेख निवृत्त लोक लिहितात. तू तर अजून नोकरीलाही लागली नाहीस.” बाबा सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. त्यांच्या लेखी हजेरीपट नसलेलं काम म्हणजे काम नव्हे. माझं वय बत्तीस. तळी वाचवणाऱ्या एका छोट्या गटात नऊ वर्षं आहे. त्यातली पहिली पाच वर्षं मी पत्रकं लिहिली.

पत्रक लिहिणं हा एक धंदा आहे. एक पान, पाठपोट. वरती मथळा असा की रिक्षावालासुद्धा सिग्नलला वाचेल. एक फोटो. एक गुन्हेगार. दोन गुन्हेगार असले की वाचणारा गोंधळतो, म्हणून एकच. शेवटी मागणी. मी तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत लिहायचे. मराठीत लिहायची वेळ आज येतेय, आणि बाबा शेजारी बसून ऱ्हस्वदीर्घ तपासतायत. गौलीगुड्यात आमचा ठरलेला छापखाना होता. सकाळी मजकूर दिला की संध्याकाळी गठ्ठा तयार. राग आला की दुसऱ्या दिवशी तो कागदावर. मला हे फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

आता तळ्याबद्दल दोन गोष्टी, बाहेरच्यांसाठी. आपल्याकडची बहुतेक तळी जुनी, बांध घालून केलेली. तळं भरलं की पाणी जिथवर पोचतं ती एक रेघ असते, तिच्यावर पाटबंधारे खात्याचे दगड रोवलेले असतात. जास्तीचं पाणी ज्या खालच्या कडेवरून बाहेर पडतं तो सांडवा. तळ्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. धोब्यांचा घाट असतो, काठावर फ्लॅटवाले असतात, खातं असतं, आणि आमच्यासारखे असतात, ज्यांना कुणी बोलावलेलं नसतं. प्रत्येकाकडे तळ्याचा आपापला नकाशा असतो आणि एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. आमच्या कामातली निम्मी भांडणं ही अशी.

तर त्या वर्षी थंडीत सांडव्यावरून फेस यायला लागला. पांढराशुभ्र, कापसासारखा, आणि वास गटाराचा. वारा आला की तो रस्त्यावर. काठावरच्या पाच टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी रावगारू (गारू म्हणजे तेलुगूतलं ‘साहेब’), बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, यांची सून स्कूटरवरून शाळेत शिकवायला निघाली होती. फेसावरून चाक घसरलं आणि तिचं मनगट मोडलं. रावगारूंनी मला फोन केला. म्हणाले, “मॅडम, धोब्यांचा साबण आहे. तुम्ही येऊन बघा, घाट आमच्या खिडकीतून दिसतो.”

मी गेले, रविवारी. मला रविवार सोयीचा. घाटावर पंधरा-सोळा दगड, प्रत्येक दगडावर एक माणूस, साबणाचं पाणी ओघळून तळ्यात चाललेलं. सांडव्यावर फेस. मी एका बाईच्या हातांचा फोटो काढला, कोपरापर्यंत साबण, मागे तळं. फोटो फार चांगला आला. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘धोब्यांचा साबण, तळ्याचं मरण’. उर्दूत तर तो आणखी छान वाटत होता. सोसायटीने ते लिफ्टमध्ये लावलं, कुणी खात्याला पाठवलं, आणि तीन आठवड्यांनी घाटाच्या पिंपळावर नोटीस लागली. पंधरा दिवसांत घाट रिकामा करा. आमच्या पाच वर्षांतलं ते सगळ्यात यशस्वी पत्रक. गटात सगळ्यांनी पाठ थोपटली.

नोटीस लागल्याच्या चौथ्या दिवशी खात्यातला ज्युनियर इंजिनियर, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल, मला तळ्याच्या बांधावर भेटला. इकडेतिकडे बघत म्हणाला, “मॅडम, आपण घाट बघितला. सोसायटीच्या मागचा नाला बघितला का?” मी म्हटलं, नाही. म्हणाला, “तिथे जमिनीखालून एक पाईप येतो. त्यांचा सांडपाण्याचा प्लांट लोड घेत नाही. पण मी बोललो असं लिखना नक्को. नोटीसवर सही माझीच आहे.”

मी नाला बघितला. पाईप होता. झुडपात, हातभर रुंद, त्यातून करडं पाणी चाललेलं.

मग मला जो राग आला तो सांगायला नको. स्वतःवर यायला हवा होता. आला रावगारूंवर. त्याच दिवशी दुसरं पत्रक लिहिलं. ‘फेस सोसायटीचा, शिक्षा धोब्यांना’. पाईपचा फोटो. खाली ओळ टाकली, ‘खात्यातील सूत्रांनी दुजोरा दिला’. छापखान्यातून प्रूफ घेतलं आणि मलकपेठेला देशपांडेकाकांकडे गेले.

देशपांडेकाका पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, आमच्या गटातले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात कमी बोलणारे. त्यांनी प्रूफ वाचलं. चष्मा काढला.

“छाप,” म्हणाले.

“छापू?”

“छाप आणि घरी बस. त्या ऑफिसात इंजिनियर किती आहेत माहितीये? दीड. ‘सूत्र’ कोण हे शिपाईसुद्धा सांगेल. तो पोरगा बदलीवर जाईल भद्राचलमच्या पलीकडे. रावगारू जातील कोर्टात. पाईप आमचा नाहीच म्हणतील, तारखा पडतील. आणि पंधरा दिवसांनी घाटावर जेसीबी. पाईप राहील, पत्रक राहील, घाट जाईल.”

“मग गप्प बसायचं का काका?”

“गप्प बसायला कोण सांगतंय. लोकांना एकत्र बसव म्हणतोय.”

काकांनीच मला त्याच्या वर्षभर आधी आबिड्सच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी संवाद आणि वादनिवारण, असं काहीतरी लांबलचक नाव. वनखात्याचे लोक, प्रदूषण तपासणारे केमिस्ट, आमच्यासारखे घोषणावाले. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, गोल बसायचं. मला बिल्डरची भूमिका दिली होती आणि मी ती मुद्दाम वाईट केली. एकच खेळ डोक्यात राहिला होता. समोरच्याची तक्रार तुम्ही आपल्या तोंडाने सांगायची, तो “हो, हेच” म्हणेपर्यंत. त्याआधी स्वतःचं काही बोलायचं नाही. माझ्यासमोर एक केमिस्ट होता. मी सहा वेळा त्याची तक्रार सांगितली आणि सहाही वेळा तो शांतपणे म्हणाला, “नाही, मी असं म्हटलं नाही.” सातव्या वेळी जेवणाची सुट्टी झाली. घरी येऊन मी हे सगळं बाबांना नक्कल करून दाखवलं होतं आणि आम्ही पोटभर हसलो होतो.

काकांचा क्रम साधा होता. आधी सगळ्यांनी मिळून तळ्याला पायी फेरी घालायची, एकही मागणी न बोलता. मग सावलीत बसून एकमेकांची तक्रार सांगायची. त्यानंतर आपापली. खात्यात असताना कालव्याच्या पाण्यावरून कुऱ्हाडी निघायच्या तेव्हा ते असंच करायचे म्हणे, फक्त त्याला नाव नव्हतं.

मी सगळ्यांना रविवार सुचवला. रावगारू हो म्हणाले. इंजिनियर हो म्हणाला. घाटावर गेले तेव्हा धोब्यांच्या वतीने एक पन्नाशीची बाई पुढे आली, यल्लम्मा. तिच्याकडे बघताच मी तिचे हात ओळखले. पत्रकावरचे हात.

“आयतवार नक्को,” ती म्हणाली. “सोमवार आव.”

“सोमवारी सगळे ऑफिसला जातात अम्मा. रविवारी सगळ्यांना सवड असते.”

“हमको नहीं रहती. सोमवार आव, नहीं तो नक्को आव.”

मी पंधरा मिनिटं वाद घातला. तिने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, अडून बसलीय. वाटेत काकांना फोन करून म्हणालेसुद्धा, या लोकांना स्वतःचं भलं कळत नाही. काका म्हणाले, “सोमवार तर सोमवार.” इंजिनियरने ड्युटी लावून घेतली, रावगारू तसेही निवृत्त.

सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही नऊ-दहा जण घाटावर जमलो. रावगारू पांढरे बूट घालून आले होते, सोबत कमिटीचे दोघे. यल्लम्मासोबत दोन बायका आणि एक म्हातारा. माझ्या पिशवीत दुसऱ्या पत्रकाचं प्रूफ होतं. काकांनी छापू दिलं नव्हतं, पण फाडायला सांगितलं नव्हतं.

घाट कोरडा होता. दगड कोरडे, पायऱ्या कोरड्या. एका दगडावर कुत्रं झोपलं होतं.

कुणी काही बोललं नाही, कारण नियमच तसा होता. आम्ही बांधावरून चालत सांडव्यापाशी पोचलो. फेस गुडघ्याएवढा आणि ताजा, रात्रीचा असता तर विरून गेला असता. वाऱ्याने हलत होता आणि त्याचे तुकडे सुटून रस्त्याकडे चालले होते.

माझ्या जिभेवर पूर्ण वाक्य आलं होतं. काकांनी माझ्याकडे न बघता माझ्या पिशवीचा पट्टा धरला, जसा पोराचा धरतात, आणि धरूनच ठेवला.

रावगारूंनी मागे वळून घाटाकडे पाहिलं. मग पुन्हा फेसाकडे.

“आज धुलाई बंद है?” त्यांनी यल्लम्माला विचारलं.

“हर सोमवार बंद. मेरी सास के टाइम से. सोमवार को पत्थर को पानी नहीं लगाते हम लोगां. इस्त्री करते, घर-घर कपडे देते.” मग म्हणाली, “आपके घर भी सोमवार कोच आती थी मैं.”

“तो फिर ये...” रावगारू म्हणाले आणि वाक्य तिथेच राहिलं.

उत्तर मला ठाऊक होतं. इंजिनियरला ठाऊक होतं. काका चष्मा पुसत होते. मी आयुष्यात इतका वेळ तोंड मिटून कधी उभी राहिले नव्हते. त्या दोन-तीन मिनिटांत मी बोलले असते तर तो आरोप झाला असता, आणि आरोपाला माणूस उत्तर शोधतो. रावगारू निवृत्त बँक मॅनेजर. हिशेब न लागणं त्यांना सोसत नाही. ते कमिटीतल्या एकाला हळूच म्हणाले, “सकाळी या वेळेला सगळ्या फ्लॅटची मशीनं चालू असतात.” मग इंजिनियरकडे वळले. “आमच्या प्लांटचं पाणी कुठे जातं?”

“सर,” इंजिनियर म्हणाला, “फेरी अजून अर्धी बाकी आहे. चालत जाऊन बघू या.”

तो पाईप रावगारूंनी स्वतः पाहिला. नाकाला रुमाल लावून झुडपात वाकले, पांढरे बूट चिखलात. त्यांना खरंच माहीत नव्हतं. प्लांट सांभाळणाऱ्या कंत्राटदाराने परस्पर टाकला होता. हे मला दुसऱ्या पत्रकात कुठेही सुचलं नव्हतं. एक पान, एक गुन्हेगार.

मग पिंपळाखाली बसलो. नोटीस डोक्यावरच होती. काकांनी नियम सांगितला. पहिली पाळी यल्लम्माची, तिने रावगारूंची तक्रार सांगायची. ती एका दमात बोलली. “इनके बहू का हाथ टूटा. सीधा हाथ. दो-तीन हफ्ते उसके ब्लाउजां की बाही खोल को आती थी, प्लास्टर के वास्ते. मैंच धोई. इनो बच्चे को खुद तैयार करते थे स्कूल के लिए. रोड पे फेस देखे तो इनको गुस्सा नहीं आता, डर लगता. फिर से कोई गिरेगा बोलके.”

रावगारू खाली बघत म्हणाले, “हौ. येहीच.”

आता त्यांची पाळी. हैदराबादी ‘होना’ म्हणजे हवं. ते म्हणाले, “इनको घाट होना.”

“नहीं,” यल्लम्मा म्हणाली.

“दुसरी जगा होना.”

“नहीं.”

“गवर्मेंट से कुछ मदद...”

“नहीं साब.”

रावगारूंनी हात टेकले. “तो क्या होना अम्मा, तुमीच बोलो.”

“अब पूछे ना,” यल्लम्मा म्हणाली. “घाट तो रहताच, पानी है तो. हमको ये होना कि कोई बोले, फेस हमारा नहीं था. लिफ्ट में कागज लगाए तुमलोगां. मेरा फोटो. वॉचमन मेरेको गेट पे रोकता अब.”

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. घाटावरच्यांना पत्रक कुणी लिहिलं ते नीटसं माहीत नव्हतं, आणि रावगारूंनी नाव घेतलं नाही. काकांनी मात्र पाहिलं.

मी म्हणाले, “ते मी लिहिलंय.”

बाकी ठरलं ते ठरलं. पाईप सोसायटीने बंद करायचा, प्लांट दुरुस्त करायचा. घाटाचं पाणीही काही गंगाजल नव्हतं. ते थेट तळ्यात न सोडता आधी एका खड्ड्यात जिरवायचं, हे धोब्यांनीच कबूल केलं. रावगारूंनी लिफ्टमधलं पत्रक स्वतः काढलं. पाईप बंद व्हायला मात्र चार महिने लागले, तीन वेळा मला जाऊन बसावं लागलं, आणि त्यांतल्या एका वेळी मी ओरडले. ट्रेनिंगमध्ये हे सांगत नाहीत.

नोटीस उरली होती. इंजिनियर म्हणाला, “मॅडम, फायलीत नोटीसचा आधार म्हणून एकच कागद आहे, तुमचं पत्रक. त्याचं उत्तर फायलीत लागलं तर साहेब नोटीस रद्द करतील. उत्तर कोण देणार?”

मी तेलुगूत पत्र लिहिलं. ‘सदर पत्रकातील धोबी घाटासंबंधीचा मजकूर पोरपाटुना लिहिला गेला’. पोरपाटुना म्हणजे चुकून, अनवधानाने. सरकारी पत्रात हाच शब्द शोभतो. गटात काहींना पत्र पसंत नव्हतं. एकदा माघार घेतली की पुढचं प्रत्येक पत्रक लोक हसण्यावारी नेतील, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतं तेही. तरी सही करून, देण्याआधी घाटावर घेऊन गेले, वाचून दाखवायला.

यल्लम्मा कपडे पिळत होती. म्हणाली, “पैले वो पुराना पढ, बिड्डा.” बिड्डा म्हणजे पोरी.

“कोणतं?”

“जिसमें मेरा फोटो है. पढना नहीं आता मेरेको. क्या लिखी थी मेरे बारे में, कोई बताया नहीं आज तक.”

पत्रक पिशवीत होतं. मी घाटाच्या पायरीवर उभी राहून ते वाचलं. मथळ्यापासून. माझी वाक्यं मला पाठ होती, पण ज्याच्याबद्दल लिहिली त्या माणसासमोर ती कधी मोठ्याने म्हटली नव्हती. ‘पिढ्यानपिढ्या तळ्याचा गळा घोटणारे हे हात’ इथे मी थांबले. यल्लम्मा म्हणाली, “पढ.” दुसऱ्या दगडावरचा म्हातारा धुणं थांबवून ऐकत होता. मी मागणीपर्यंत सगळं वाचलं.

तिने हातातला कपडा पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “पूछ लेती ना एक बार. मैं सोमवार बोल देती.”

त्यानंतर नवं पत्र वाचलं. ती एका शब्दावर थांबली.

“पोरपाटुना?” म्हणाली. “पोरपाटुना म्हणजे पायरीवरून पाय घसरतो तसं.” हे ती तेलुगूत बोलली, मी मराठीत सांगतेय. “तुझा पाय कुठे घसरला? तू घरी बसून लिहिलंस. काढ तो शब्द.”

“मग काय लिहू?”

“अडगकुंडा.”

न विचारता.

तळ्यात भराव टाकणाऱ्या टिपरशी मी आजही संवाद साधत नाही, त्याच्यापुढे उभी राहते. ट्रेनिंगमध्ये आता मी शिकवायला जाते, आणि तिथे कुणी मला प्रत्येक भांडण गोल बसून मिटतं असं म्हणायला लावलं तर मी म्हणत नाही. घाटावरची दोन घरं त्या काळात कामं तुटली म्हणून गेली ती परत आली नाहीत. ती कुठे गेली हे यल्लम्मालाही ठाऊक नाही.

पत्र मी त्याच संध्याकाळी पुन्हा लिहिलं आणि सकाळी ऑफिसात दिलं. इंजिनियरने वाचलं, पेन उचललं, ठेवलं.

“मॅडम, इथे पोरपाटुना लिहितात जनरली. हे जरा... तुमच्यावरच येतंय.”

मी म्हटलं, “हौ.”

त्याने शिक्का मारला.